जालन्याला राहून बघितलं

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत जालना पाहिलेला माणूस मला सापडला नाही. वेरूळची लेणी बघून आलेले बरेच होते. एक जण नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन आले होते. त्यांच्या वाटेत जालना लागलं होतं, पण गाडी तिथं थांबली तेव्हा ते झोपलेले होते. म्हणून हे लिहितो. आम्हीसुद्धा तिथं काही बघायला म्हणून गेलो नव्हतो. तिथं राहता येईल का, एवढंच बघायचं होतं.

माझं काम बियाणं तपासण्याचं. ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ठेवायचे, त्यांना ठरलेली ऊब द्यायची आणि किती उगवले, किती कुजले, किती नुसतेच फुगून बसले ते नोंदवायचं. कोल्हापुरातल्या ज्या खाजगी प्रयोगशाळेत मी हे वर्षानुवर्षं करत होतो ती मालकांच्या मुलांना चालवायची नव्हती. उन्हाळ्यात ती बंद होणार हे दिवाळीतच कळलं. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. त्यांतल्या एका लहानशा कंपनीला प्रयोगशाळा सांभाळणारा माणूस हवा होता. त्यांच्या मॅनेजरांनी फोनवर सांगितलं, "बायकोला घेऊन या. पाच-सहा दिवस राहा. गाव बघा, आम्हाला बघा, मंग ठरवू."

एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला विसाव्या वर्षापासून फिट येतात. गोळ्या रोज चालू असतात आणि त्यांनी बरंच आटोक्यात राहतं. दोन-तीन वर्षांत एखादी येते. पण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गाडी चालवायची नाही, सायकलसुद्धा नाही. कोल्हापुरात याचं काही अडलं नाही. शहराची बस कोपऱ्यावर थांबते, मंडई पायाखाली, रंकाळा फिरायला जाण्याइतका जवळ. थोरल्या भावाच्या, दादांच्या घरात आम्ही एकत्र राहतो. माझ्याकडे बघायला तिथं नेहमी कुणी ना कुणी असतं.

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. संक्रांत होऊन गेल्यावर मी आणि शैला, माझी बायको, निघालो.

रविवार, जालना

स्टँडवर आम्हाला घ्यायला जोगदंड आले होते. कंपनीचे फील्डवरचे अधिकारी. तिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, गळ्यात उपरणं घातलेला माणूस. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आमची सोय केली होती. मी सहज विचारलं, "तुमच्या घराकडे कोणती बस जाते?"

"बस?" जोगदंड थांबले. "सर, इथं गावातल्या गावात बस न्हाई."

"मग लोक जातात कसे?"

"आपापल्या गाडीवर. आटो आहेत, पन ते भरल्याबिगर हलत न्हाईत. टांगे आहेत, ते स्टेशनापासून बाजारापर्यंत. बाकी ज्याच्यापाशी गाडी न्हाई तो घरीच बसून राह्यतो." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, माहिती म्हणून सांगितलं.

जालना कुंडलिका नदीच्या दोन्ही अंगांना आहे. एकीकडे जुना जालना, दुसरीकडे नवा. बाजार नव्याकडे, स्टेशन जुन्याकडे. जोगदंडांचं घर अंबड रस्त्याला, चौफुलीच्याही पुढे, नव्यानं पाडलेल्या प्लॉटांच्या वसाहतीत. आणि कंपनी शहराच्या बरोबर विरुद्ध टोकाला, औरंगाबाद रस्त्यावर, लोखंडाच्या कारखान्यांच्या पलीकडे. ऑटोतून जाताना मी दोन्ही बाजूंना बघत होतो. घरं, मग मोकळं रान, मग एकदम चार दुकानं, परत रान. कुठलंच काही दुसऱ्या कशाच्या जवळ नव्हतं.

घरी जोगदंडांच्या पत्नी मंदाताईंनी चहा दिला आणि त्याबरोबर मोठ्या ताटलीत काहीतरी. "सुशीला घ्या," त्या म्हणाल्या. शैलानं माझ्याकडे बघितलं. तिच्या मावशीचं नाव सुशीला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन वर शेंगदाण्याचं कूट घातलेला तो पदार्थ होता. आपल्या पोह्यांपेक्षा हलका आणि चवीला बरा. रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की आमटी होते, भाजी नसली तरी अडत नाही. आम्हा कोल्हापूरच्या लोकांना वाटतं की तिखट आपल्यालाच खाता येतं. त्या आमटीनं माझा तो समज गेला.

पाण्याचं मात्र जड गेलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. अंगणात निळी पिंपं ओळीनं ठेवलेली आणि प्रत्येकावर झाकण. मी सवयीनं हात धुताना नळ सोडला तर त्यातून नुसती हवा आली. मंदाताईंनी तांब्या पुढे केला. पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला एका तांब्यात हात-पाय-तोंड धुणं शिकावं लागतं, ते मी त्या संध्याकाळी शिकलो.

सोमवार, कंपनी

सकाळी जोगदंडांनी मोटारसायकल काढली, तेव्हा मी त्यांना माझ्या आजाराचं सांगितलं. मागं बसवणाऱ्याला ते माहीत असायला हवं, असं मला वाटतं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि गळ्यातलं उपरणं काढलं. "मंग असं करू," म्हणाले. मला मागं बसवून त्यांनी ते उपरणं आम्हा दोघांच्या कमरेभोवती गुंडाळलं आणि पुढे गाठ मारली. "आता पडले तर दोघं पडू. मला पडायचं न्हाई, म्हनून मी सांभाळून चालवीन."

शैला वरच्या गच्चीतून हे बघत होती. ती हसली नाही, पण तिनं तोंडावर हात ठेवलेला मला दिसला.

असे बांधलेले आम्ही सबंध जालना ओलांडून गेलो. सिग्नल नव्हते. चौकाचौकात वाहनं एकमेकांच्या अंगावर येत आणि शेवटच्या क्षणी बाजूला होत. पुलाखाली नदीत पाणी फारसं नव्हतं. औरंगाबाद रस्त्यावर भंगार घेऊन येणारे आणि सळया घेऊन जाणारे ट्रक. लांब सळया मागं लोंबत जमिनीला घासतात आणि तो आवाज दूरपर्यंत ऐकू येतो.

प्रयोगशाळा मला आवडली. स्वच्छ, उत्तरेचा उजेड, नवीन उबवणी कपाटं, आणि एका भिंतीला नमुन्यांच्या पिशव्या नीट लावून ठेवलेल्या. असं ठिकाण मला कोल्हापुरात कधी मिळालं नव्हतं. मॅनेजर पिंपळे साहेब साठीकडे झुकलेले, सावकाश बोलणारे. काम समजावून झाल्यावर ते म्हणाले, "हंगामात बियाण्याचे प्लॉट बघायला जावं लागतं. अंबड, तीर्थपुरी, तिकडं टेंभुर्णीपर्यंत आपले शेतकरी आहेत. कंपनी मोटारसायकल देते."

"मला गाडी चालवता येत नाही."

"शिका की. आठवड्यात येते."

मग मी त्यांनाही सांगितलं. पिंपळे साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं हे बरं केलं. मी आत्ता हो म्हनत न्हाई आन् न्हाई बी म्हनत न्हाई. शुक्रवारपर्यंत राहा. तुम्ही गाव बघा, मी विचार करतो. उद्या एकटं येऊन बघा कामाला, म्हंजे तुम्हालाच कळंल."

मंगळवार, एकटा

एकटं जाऊन बघणं मलाही हवंच होतं. सकाळी डबा घेऊन चौफुलीपर्यंत चालत गेलो. एक ऑटो उभा होता, त्यात दोन माणसं. चालक बाहेर उभा राहून "टेशन, बजार" असं अधूनमधून म्हणत होता. तिसरा मी बसलो. चौथा यायला बराच वेळ लागला आणि तो आल्यावर चालक म्हणाला, "और दो."

बाजारापर्यंत तो ऑटो, तिथून दुसरा, तोही भरेपर्यंत थांबणारा. कारखान्यांच्या अलीकडे त्यानं मला उतरवलं, कारण पुढे जाणारा मी एकटाच होतो. उरलेलं अंतर मी डांबरी रस्त्याच्या कडेनं चालत गेलो. ट्रक गेला की धुळीत काही दिसत नसे. पोचलो तेव्हा प्रयोगशाळेत चहाची वेळ झाली होती.

परतीला त्याहून वाईट. संध्याकाळी त्या बाजूला ऑटो येतच नाहीत. मी चालायला लागलो. चालणारा माणूस दिसणं तिथं इतकं विरळ असावं की प्रत्येक दुचाकीवाला वेग कमी करून बघायचा. चौथा की पाचवा थांबला. "गाडी बंद पडली का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, गाडी नाहीच. "बसा मंग." त्याच्या किराणा दुकानाच्या पोत्यांवर मी कसाबसा बसलो. कुठून आलात, काय काम करता, किती मुलं, हे सगळं पुलापर्यंत विचारून झालं आणि पुलावर तो म्हणाला, "बाकी सगळं बराबर आहे. पन गाडी का घेत न्हाई?"

त्या दिवसांत हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. चहावाल्यानं विचारला, पानवाल्यानं विचारला. आपल्याकडे नव्या माणसाला जेवण झालं का विचारतात तसं.

तो माणूस आपली वाट सोडून मला थेट वसाहतीपर्यंत सोडून गेला. पैसे विचारले तर रागावला.

घरासमोरच्या मोकळ्या मैदानात वेगळंच चाललं होतं. मंदाताई लुनामागून धावत होत्या आणि लुनावर शैला होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही पाय जमिनीपासून दोन बोटं वर, पडलं तर टेकायला तयार. मंदाताई ओरडत होत्या, "वहिनी, खाली बघू नका, समोर बघा."

शैला लहानपणी सायकल चालवायची. लग्नानंतर तिनं ती कधी चालवली नव्हती. कारण विचारायचं मला कधी सुचलं नाही.

"मी बी पहिले लई भ्याले होते," जेवताना मंदाताई सांगत होत्या. "पन ह्यांना सारखं प्लॉटवर जावं लागतं. पोरांची शाळा, पिण्याच्या पाण्याचे कॅन, दवाखाना, कोन करनार? मंग एक दिवस काढली गाडी आन् गेले. आता ह्यांनाच विचारते, तुम्हाला कुठं सोडायचं का."

जोगदंड मान खाली घालून भाकरी मोडत होते. हसत होते.

बुधवारी मी कुठं गेलो नाही. पाय दुखत होते. शैला मात्र सकाळ-संध्याकाळ मैदानात होती आणि मंदाताईंबरोबर बाजारात जाऊन आली. कुठं काय मिळतं ते मला सांगायला लागली. मी अर्धवट ऐकलं. मनात माझा हिशेब झाला होता. प्रयोगशाळा चांगली, पण तिथं पोचण्यातच माणूस संपेल.

गुरुवार, तीर्थपुरी

जोगदंडांना तीर्थपुरीजवळच्या एका प्लॉटवर जायचं होतं. "नुस्तं बघायला चला," ते म्हणाले. पुन्हा उपरणं बांधून आम्ही निघालो. अंबडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा. फळं उतरवायची चालली होती, झाडांखाली पिवळे ढीग. अंबडला चहा घेतला. समोर देवीचा डोंगर, माशासारखा लांबट. तिथून पुढे काळी जमीन सपाट होत जाते, कालव्याचं पाणी लागतं आणि ऊस दिसायला लागतो. मला क्षणभर आपल्याकडे आल्यासारखं वाटलं.

प्लॉट रशीदभाईंचा होता, सूर्यफुलाच्या बियाण्याचा. अशा प्लॉटमध्ये नराच्या आणि मादीच्या ओळी वेगळ्या लावतात. सकाळी बायका मऊ फडकं घेऊन आधी नराच्या फुलावरून फिरवतात, मग मादीच्या. मी आयुष्यभर बियाणं तपासलं, पण ते असं हातानं होताना बघितलं नव्हतं. तोंडाएवढी फुलं आणि त्यांच्यावरून फिरणारे हात. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, मधमाश्यांचा आवाज तेवढा होता. रशीदभाईंनी बांधावर बसवून मोसंबी सोलून दिली. त्यांची आई, जिला सगळे अम्मा म्हणत, कडुलिंबाखाली बसून शेंगा निवडत होती.

मी एका ओळीत शिरलो. तेवढ्यात जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव आली आणि मधमाश्यांचा आवाज लांब गेला. ही चव मला ओळखीची आहे. मी "जोगदंड" अशी हाक मारली आणि खाली बसलो. पुढचं मला माहीत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा लिंबाखाली एका कुशीवर पडलो होतो. डोक्याखाली घडी घातलेली ओढणी होती. जीभ चावली गेली होती. जवळ अम्मा बसली होती आणि माझ्या कपाळावर तिचा हात होता. थोड्या अंतरावर बायका उभ्या. पुढे जोगदंडांकडून कळलं की कुणीतरी हुंगवायला चप्पल आणली होती आणि अम्मानं ती परत पाठवली. "चप्पल नक्को. मेहमान है वो," म्हणाली आणि तिनंच मला कुशीवर वळवलं.

"उठो नक्को बेटा," अम्मा म्हणाली. "पड्या रहो जरा."

मी पडून राहिलो. तिनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मेरे भाई कू बी था ये."

मी विचारलं, "मग? औषध दिलं का त्याला?"

"दिये ना. सब दिये. पन घर के बाहर जाने नै दिये उसकू. गिरेगा बोल के. कुएँ पे नै, खेत में नै, बजार में नै. खटिया पे बिठा के रक्खे." ती शेंगा निवडत राहिली. "जवान मर्या वो. फिट से नै मर्या. बैठ के मर्या."

रशीदभाई म्हणाले, "अम्मा, रहने दो."

परत जायचं कसं हा प्रश्न होता. जोगदंड म्हणाले, "आता गाडीवर बिलकुल न्हाई." मोटारसायकल रशीदभाईंच्या गोठ्यात लावून ते माझ्याबरोबर तीर्थपुरीच्या स्टँडवर आले. एसटीनं अंबड, तिथं गाडी बदलून जालना. सबंध वाट ते खिडकीकडच्या बाजूला मला बसवून स्वतः कडेला बसले, ब्रेक लागला की हात आडवा धरत. अंबडच्या पुढे मी म्हटलं, "पिंपळे साहेबांना सांगावं लागेल तुम्हाला."

"सांगावं लागंल, सर," जोगदंड म्हणाले. "पन जे झालं तेच सांगीन. वाढवून न्हाई सांगनार." थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्ही खाली बसले ते बरं केलं. उभे पडले अस्ते तर नराची ओळ गेली अस्ती." मला वाटतं तो त्यांचा धीर देण्याचा प्रकार होता.

संध्याकाळी शैलाला सगळं सांगितलं. तिनं दिव्याखाली नेऊन माझी जीभ बघितली, कोपर बघितलं, सदरा काढायला लावून पाण्याच्या एका तांब्यात तो डागापुरता धुतला. या गोष्टी ती न बोलता करते. सदरा दोरीवर टाकून झाल्यावर मी म्हटलं, "झालं मग. उद्या पिंपळे साहेबांना भेटून नाही सांगतो, आणि शनिवारऐवजी उद्याच निघू."

शैला गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मला इथं यायचंय."

मला वाटलं तिनं माझं नीट ऐकलं नाही. मी परत सांगितलं: बस नाही, पाणी नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि आज काय झालं ते.

"ऐकलं मी."

"माझ्या नोकरीसाठी म्हणत असशील तर कोल्हापुरात काहीतरी मिळेल. दादा बघतायत एका खताच्या दुकानात."

"तुमच्यासाठी नाही म्हणत," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणतेय." मग म्हणाली, "इथल्या मोरीला आतून कडी आहे."

आमच्या कोल्हापूरच्या घरात मोरीची आतली कडी दादांनी काढून टाकली आहे. लग्नाच्या आधी मी एकदा आत पडलो होतो आणि दार फोडावं लागलं होतं, म्हणून. सगळ्यांना ते योग्यच वाटलं. मलाही.

"मी त्याच मोरीत अंघोळ करते," शैला म्हणाली. "इतकी वर्षं. आत असले की मोठ्यानं गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळावं. बरं नसलं तरी म्हणायचं. तुम्हाला वाटतं मला गाण्याची हौस आहे."

मला खरंच तसं वाटत होतं. पाहुण्यांना मी ते कौतुकानं सांगायचो.

"तू कधी बोलली नाहीस."

"कुणाला बोलणार? कडी तुमच्यासाठी काढलेली. नको कशी म्हणू?" तिचा आवाज चढला नव्हता. "तिथं सगळे तुमच्याकडे बघतात. चांगलंच आहे ते. पण तुमच्याकडे बघता बघता सगळे माझ्याकडेही बघतात. मी कुठं गेले, किती वेळ लागला, तुम्हाला कुणावर सोडून गेले. इथं चार दिवस मला कुणी विचारलं नाही. मी काल बाजारातून येताना मंदाताईंना पुढे जाऊ दिलं आणि उगीच लांबून आले. तळ्याच्या बाजूनं."

"आणि मला काही झालं तर?"

"होईल ना. तिथंही होतं. आज मी नव्हते, तरी लोकांनी केलंच की." ती आत जायला वळली. "मी हट्ट धरत नाही. तुम्हाला नको असलं तर नको. पण माझं विचारलं नव्हतं कुणी, म्हणून सांगितलं."

मी गच्चीत बसून राहिलो. या सहलीत मी रस्ते बघितले, अंतरं मोजली, इथल्या आणि आपल्याकडच्या तिखटाची तुलना केली. माझ्याबरोबर आलेली बाई काय बघतेय हे मी बघितलं नव्हतं.

शुक्रवार, औरंगाबाद रस्ता

सकाळी शैला म्हणाली, "मी सोडते तुम्हाला कंपनीत." मंदाताईंनी लुनाची किल्ली दिली आणि ब्रेकबद्दल दोन सूचना केल्या. उपरणं जोगदंडांनी न मागता काढून दिलं. ते शैलाभोवती आणि माझ्याभोवती बांधताना तेच थोडे संकोचले. मंदाताईंनी पुढे होऊन गाठ मारली.

लुनाला दोन मोठी माणसं म्हणजे ओझंच. चढावर ती कण्हत होती. चौफुलीवरच्या पानवाल्यानं मला ओळखलं. त्यानं टपरीतून वाकून विचारलं, "सर, बाईमानसाला चालवायला लावून राह्यले?" शेजारी उभे असलेले दोघं-तिघं बघत होते. शैलानं समोर बघत सांगितलं, "त्यांना येत नाही. मला येतं." आणि आम्ही पुढे गेलो.

मला ते बसणं आवडलं नाही. खोटं कशाला लिहू? बायकोच्या कमरेला बांधलेला, पाय वर उचलून धरलेला, सगळ्या गावाला दिसेल असा मी. बाजारात एका बैलगाडीमागं आम्ही अडकलो, पुलावर शैलाचा पदर उडून माझ्या तोंडावर आला, लोखंडाचा एक ट्रक इतका जवळून गेला की तिनं लुना सरळ रस्त्याच्या खाली उतरवली आणि आम्ही एका बाभळीपाशी थांबलो. मी म्हटलं, "चालत जाऊ इथून." ती म्हणाली, "थांबा जरा." पदर परत खोचला, लांब श्वास घेतला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

कंपनीच्या फाटकाशी तिनं गाठ सोडली.

"सहाला येऊ?"

"ये."

"उशीर झाला तर थांबा. मंदाताईंबरोबर दोन घरं बघायचीत." ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. लुना वळवली आणि निघाली. मी फाटकात उभा राहून बघत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला अशी पाठमोरी जाताना मी बघितलं नव्हतं. घरातून जाणारा नेहमी मी असायचो आणि बसमध्ये चढेपर्यंत ती खिडकीत असायची. आज मी आत गेलो की नाही हे बघायला ती वळली नाही. सळयांचा एक ट्रक मधे आला आणि तो गेल्यावर ती दिसेनाशी झाली होती.

पिंपळे साहेबांना जोगदंडांनी सांगितलेलं होतं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "मी ठरवलंय," म्हणाले. "प्लॉट तुम्ही बघायचे न्हाईत. जोगदंड नमुने आनून देतील, तुम्ही इथं तपासायचे. फिट आली तर काय करायचं ते तुमच्या हाताखालच्या दोघांना नीट समजावून सांगा, म्हंजे कुनी चपला शोधत बसनार न्हाई. आमच्याकडून हो आहे. आता रोज यायचं कसं, ते तुमचं तुम्ही बघा. त्यात कंपनी काही करू शकत न्हाई."

मी म्हटलं, "बायको सोडेल."

"रोज?"

"रोज नाही कदाचित. कधी ऑटोनं येईन, उशीर होईल."

पिंपळे साहेबांनी मान हलवली. "उशिराचं बघून घेऊ. मंग या उन्हाळ्यात."

शैला संध्याकाळी आली ती बऱ्याच उशिरा. एक घर तिला पसंत पडलं होतं. शहराच्या कंपनीकडच्या अंगाला, बाजारापासून लांब, आणि पाण्याची टाकी जमिनीखाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो. मंदाताईंनी येसराची पुडी बांधून दिली आणि ते किती पाण्यात कालवायचं ते शैलाला दोनदा सांगितलं. रशीदभाईंनी जोगदंडांच्या हाती मोसंब्यांची पिशवी पाठवली होती. ती वाटेत अर्धी संपली.

कोल्हापूर

पहाटे पोचलो. त्या रात्री सगळे एकत्र जेवायला बसलो. शैला वाढत होती. मी दादांना आणि वहिनींना जे झालं ते क्रमानं सांगितलं, तीर्थपुरीचंही सांगितलं, आणि शेवटी आमचं ठरलंय म्हणून सांगितलं. वहिनींनी घास खाली ठेवला. दादांनी भाकरीचा तुकडा मोडला. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पहिली फिट आली तेव्हा त्यांनीच मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं.

"नोकरी चांगली आहे, मान्य," शेवटी ते म्हणाले. त्यांनी शैलाकडे बघितलं. "पण तिथं याच्याकडे बघायला कोण आहे?"

"कोणी नाही," शैला म्हणाली आणि तिनं त्यांना भात वाढला.